खुणेच्या वरचा डबा

सांगलीत कृष्णाकाठच्या जुन्या घरांत भिंतीवर पुराची खूण असते. कुणी तेलरंगाने रेघ ओढून साल लिहितं, कुणी नुसता खिळा ठोकून ठेवतं. २००५ च्या पुरानंतर गावाने मनाशी हिशेबच पक्का केला होता, की त्या रेघेच्या वर ठेवलेलं बुडत नाही. मारुती चौकापलीकडे राहणाऱ्या सिस्टरांनी आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्याच हिशेबाने रेघेच्या हातभर वर, फळीवर ठेवला होता. २००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे जाऊन थांबलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. हातभर म्हणजे दीड फूट. नदीने त्याच्या दुपटीहून जास्त घेतलं.

पाणी उतरल्यावर घर उघडलं तेव्हा डबा फळीवरच होता, झाकणही लागलेलं होतं. आत नाताळची सजावट होती आणि काठोकाठ गाळाचं पाणी होतं.

या प्रकरणात मी साक्षीदार आहे आणि एका चुकीचा धनीही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. डबा ज्यांच्याकडे आला ते विश्रामबागेतले सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सणासुदीची जुनी सजावट जमवणं आणि मोडलेली, हरवलेली पुन्हा तशीच घडवणं हा त्यांचा तीस वर्षांचा नाद. त्यांच्या माळ्यावर लाकडी मखरांचे खांब आहेत, गौरीपुढच्या पोतीच्या तोरणांचे तुकडे आहेत, कामट्यांचे आकाशकंदील आहेत, विरलेल्या झिरमिळ्यांच्या पुड्या आहेत. कुणाच्या घरचं मखर वाळवीने खाल्लं की लोक सरांकडे येतात. पैसे ते सामानापुरतेच घेतात आणि मोडका तुकडा ठेवून घेतात, हीच त्यांची मजुरी.

नाताळकडे ते वळले काचेच्या गोळ्यांमुळे. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात हंड्या-झुंबरांच्या जोडीला चकचकीत रंगीत गोळे टांगलेले असत, गणपतीच्या दिवसांत तेच मखरावर चढत. असा एक निळा गोळा सरांना मिरजेच्या जुन्या बाजारात मिळाला. त्याच्या पितळी टोपीवर जर्मनी असा शिक्का होता. त्या शिक्क्याचा माग काढत सर थुरिंगियातल्या लाउशा गावापर्यंत पोचले. तिथे १५९७ पासून काचेची भट्टी आहे, आणि नाताळच्या झाडाला लावायचे गोळे १८४८ पासून फुगवल्याची नोंद आहे. नवरा घरातच गोळे फुगवी, बायको आत चांदीचं पाणी फिरवी, पोरं रंग देत. सरांना यातलं शेवटचं वाक्य फार आवडतं. “म्हणजे आपल्या कुंभारवाड्यासारखंच की!” असं ते दर वेळी म्हणतात. बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, गाब्लोंझ हे दुसरं गाव. तिथल्या बांगड्या आणि मणी हिंदुस्थानात ढिगाने येत, आणि तिथेच पोकळ मणी तारेत ओवून नाताळच्या चांदण्याही होत. एकाच गावाचा माल गौरीच्या तोरणात आणि नाताळच्या झाडावर असू शकतो, हे कळल्यापासून सरांनी आपल्या संग्रहाचे धर्मवार कप्पे मोडून टाकले.

सिस्टरांचा डबा सरांकडे आला तो गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्यात. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती, पूर ओसरून तीन आठवडेही झाले नव्हते, आणि सरांचा ओटा भिजक्या मखरांनी भरलेला होता. सिस्टर बहात्तर वर्षांच्या. त्यांची आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं हेच ते हॉस्पिटल. एक अमेरिकन मिससाहेब मायदेशी परतताना हा डबा आईला देऊन गेल्या. घरात सांगत ते असं, की डब्यातलं नाताळचं झाड खुद्द वानलेस साहेबांच्या बंगल्यातलं.

“सर, नाताळपर्यंत जसं होतं तसं करून द्या,” सिस्टर म्हणाल्या. ‘जसं होतं तसं’ या तीन शब्दांवर पुढचे तीन महिने गेले.

सरांनी डबा कापडावर रिता केला आणि मला बोलावलं. पावणेदोन फुटांचं पिसांचं झाड होतं. हा जर्मन प्रकार. नाताळसाठी कोवळ्या झाडांची तोड फार होऊ लागली, तेव्हा हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून फांद्या करायची रीत तिथे पडली. या झाडाचा लाकडी बुंधा शाबूत होता, खाली तोच शिक्काही होता, पण फांद्यांच्या तारा गंजल्या होत्या आणि पिसांचा लगदा झाला होता. अकरा काचेचे गोळे होते, एकही फुटलेला नाही. कापसाची पाच फळं फुगून फुटली होती. पोकळ मण्यांची एक चांदणी नुसती गंजलेली होती. पुठ्ठ्यावर ठसा मारून सोनेरी केलेला एक मासा ओळखू येण्यापलीकडे गेला होता. आणि तळाशी एक मातकट पांढरा गोळा, मुठीएवढा, तंतूतंतूंचा.

त्या गोळ्याकडे बघून मी हात मागे घेतला. अमेरिकेत १९३० ते १९४० च्या दशकांत नाताळच्या झाडावर घालायचा खोटा बर्फ म्हणून चक्क ॲस्बेस्टॉस विकत. जळत नाही, झाडावर मेणबत्त्या, म्हणून सुरक्षित, असा तेव्हाचा विचार. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर काय होतं ते आज ठाऊक आहे. मी सरांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. गोळा ओला आहे तोवरच पिशवीत बांधा, वाळला की तंतू उडतील, असंही सांगितलं. सर कधी काही टाकत नाहीत, त्यांनी दोनदा विचारलं, “नक्की ना?” मी नक्की म्हणालो. दोन पिशव्यांत गुंडाळून गोळा पुराच्या कचऱ्याबरोबर गेला. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून ज्योतीवर नेला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. कापूस असेल तर जळतो, जळक्या कागदाचा वास येतो. ॲस्बेस्टॉस ढिम्म राहतो. पण मला माहीत असलेली गोष्ट समोर सापडली याचाच आनंद मला जास्त झाला होता.

गोळ्यांनी वेगळंच कोडं घातलं. सात गोळे पातळ काचेचे, आतून चांदीचे, टोपी पितळी. उरलेले चार आतून कोरे, बाहेरून नुसत्या रंगाच्या पट्ट्या, आणि टोप्या पत्र्याच्या नव्हे तर पुठ्ठ्याच्या. पुठ्ठा भिजून सुटला होता, पण मानेभोवती त्याची कड चिकटून राहिली होती. सर ती कड भिंगाखाली बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी वही काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन माल बंद होणार हे दिसू लागलं, तेव्हा अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे फुगवायच्या यंत्रावरच नाताळचे गोळे काढायला घेतले. हे १९३९ मधलं. पुढे युद्धात चांदी आणि धातू मिळेनासे झाले, तेव्हा गोळे आतून कोरे राहिले आणि टोप्या पुठ्ठ्याच्या झाल्या. म्हणजे हे चार गोळे युद्धातले. वानलेस साहेब हिंदुस्थान सोडून गेले ते १९२८ मध्ये.

सांगायचं की नाही, यावर आमचं एक संध्याकाळभर चाललं. माझं म्हणणं, बाईंचं घर आत्ताच पाण्यातून निघालंय, त्यात घरची गोष्टही कशाला बुडवायची? सर म्हणाले, विचारणाऱ्याला वय खोटं सांगणारा दुकानदार असतो. त्यांनी फोन केला. सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे गोळे मिससाहेबांनी स्वतः मागवलेत. युद्धात पार्सल यायला सहा-सहा महिने लागायचे, आई सांगायची.” गोष्ट बुडाली नाही, तिच्यातला माणूस बदलला. झाड वानलेस साहेबांच्या वेळचं असेलही. तसा पुरावा डब्यात नव्हता आणि सरांनी वहीत तसंच लिहिलं.

आता कामाचं.

कापसाची फळं आधी घेतली. मूळ पद्धत अशी: तारेच्या देठावर कापूस गुंडाळत जायचा, अधूनमधून खळीचा हात फिरवायचा, हातानेच पेरूचा, सफरचंदाचा आकार द्यायचा, वाळला की रंग आणि वर अभ्रकाची भुकटी. वाचायला सोपं. सरांनी सहा फळं केली आणि सहाही भुईमुगाच्या शेंगेसारखी झाली. कापूस एकसारखा बसेना, मध्ये दबे, टोकाला फुगे. शेवटी सिस्टरांच्या शेजारच्या अक्का आल्या, सिस्टरांबरोबर सहज म्हणून. त्यांनी शेंगा बघितल्या आणि हसू दाबत तार हातात घेतली. अक्का रोज देवासाठी फुलवाती वळतात. त्यांनी कापूस आधी पिंजून हातरुमालाएवढा पातळ पसरला, मग तार मध्ये धरून ती फिरवली. कापूस फिरवला नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांत तार, उजव्या तळव्याला खळ पुसलेली, इतकी थोडी की तळवा नुसता चिकट लागावा. पाच मिनिटांत पेरू झाला, देठाकडे निमुळता, खाली गोल. सर त्या हाताकडे बघत राहिले. पुढची सगळी फळं अक्कांनी वळली, रंग सरांनी दिले.

खळीत किडीसाठी मोरचूद घालायची सरांची सवय, पुस्तकं बांधणारे घालतात तशी. पांढऱ्या कापसाला त्याने निळसर छटा येते, म्हणून लाल सफरचंदांच्या खळीत घातलं आणि पिवळ्या पेरूच्या खळीत नाही. पुढेमागे पेरूला कसर लागलीच तर कारण हे.

नवी फळं फार नवी दिसत होती. सरांनी त्यांना चहाच्या पाण्याचा एक हात दिला आणि इथे आमचं खरं भांडण झालं. बाजारात नवा माल चहात बुडवून जुना म्हणून खपवतात, हे सरांनीच मला शिकवलेलं. मग हे काय? सरांचं उत्तर: “शेजारी बसल्यावर ओरडू नये म्हणून चहा. आणि उद्या कुणी फसू नये म्हणून हे.” त्यांनी प्रत्येक नव्या फळाच्या देठाला निळ्या दोऱ्याचे तीन वेढे दिले होते. त्यांनी घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर अशी खूण असते, दोरा नाहीतर आत पेन्सिलने साल. मला अजूनही चहा पूर्ण पटलेला नाही. दोरा सुटतो, चहा राहतो.

पिसांची गंमत वेगळी. तळ्याकाठच्या एका शेतकऱ्याकडून बदकांची पिसं आणली, रिठ्याने धुतली. रंग सरांनी इचलकरंजीहून आणला, तिथे रंगाला काय तोटा! पण तो सुती कापडाचा रंग. त्याला सोडा लागतो, आणि गरम सोड्यात पिसं बुळबुळीत होऊन विरू लागतात. पहिली पाटी पूर्ण वाया गेली. पीस हे लोकरीच्या जातीचं, त्याला आम्लात बसणारा रंग हवा. लोकरीचा रंग आणि व्हिनेगर घेतल्यावर काम झालं. मग पिसाच्या दांड्यावरून पट्टी सोलून काढायची आणि तारेवर तिरकी गुंडाळत न्यायची, म्हणजे केस बाहेर उभे राहतात, सुईसारखे. वीतभर फांदीला सरांना सुरुवातीला तास लागे. बुंधा जुनाच ठेवला, गंज काढून झाल्यावर टिकतील अशा वरच्या चार तारा जुन्या ठेवल्या, बाकी फांद्या नव्या.

सोनेरी माशाचा नाद सरांनी सोडला. मूळ ठसा नाही, फोटो नाही, फक्त “मासा होता” एवढी आठवण. अंदाजाने केलेला मासा त्यांना नको होता.

गोळ्यांच्या बाबतीत माझा दुसरा पराक्रम. सातांपैकी तीन गोळ्यांच्या आतली चांदी पुराच्या पाण्याने सुटून काळे पापुद्रे झाले होते. लाउशात १८७० च्या सुमारापासून सिल्व्हर नायट्रेटने आतून चांदी चढवत. बारावीच्या विद्यार्थ्याला टॉलेन्सची कसोटी म्हणून जो आरसा परीक्षानळीत करून दाखवतात, तोच हा प्रकार. मी म्हटलं, हे तर आपलं काम. एक गोळा प्रयोगशाळेत नेला, आतून स्वच्छ केला, सिल्व्हर नायट्रेटचं अमोनियातलं द्रावण आणि ग्लुकोज भरलं, कोमट पाण्यात धरून फिरवला. दोन-तीन मिनिटांत आतून आरसा आला, अगदी झळझळीत. उरलेलं द्रावण लगेच आम्ल घालून ओतून दिलं. ते ठेवून दिलं तर त्यात स्फोट होणारं संयुग तयार होतं, हे मुलांनाही मी बजावून सांगतो. गोळा पाण्यातून काढला आणि पाहिलं तर बाहेरचा गुलाबी रंग कोमट पाण्यात उतरला होता. पुराच्या पाण्यातून जेवढा वाचला होता तेवढा माझ्या पातेल्यात गेला. राहिला एक पांढरा, आरशासारखा गोळा, ज्यात माझंच तोंड दिसत होतं. उरलेल्या दोन गोळ्यांना सरांनी मला हात लावू दिला नाही. ते काळ्या पापुद्र्यांसकट तसेच आहेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही डबा घेऊन मारुती चौकात गेलो. भिंतींना नवा चुना होता, २००५ च्या रेघेच्या वर नवी रेघ आणि नवं साल होतं. सिस्टरांनी झाड टेबलावर ठेवलं, फांद्या एकेक करून उघडल्या, प्रत्येक फळ बोटांनी चाचपलं. निळा दोरा कशाला ते विचारलं, ऐकलं, मान डोलावली. पांढऱ्या गोळ्याबद्दल मी माफी मागितली. “असू दे हो, त्याला पुढे लावू,” म्हणाल्या. मग त्या डब्यात हात घालून काहीतरी शोधू लागल्या.

“आणि माळ?”

“कसली माळ?” सरांनी विचारलं.

“बर्फाची. तळाला होती ना.”

दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनीच खुलासा केला. “अहो, वस्त्रमाळ हो! गौरी-गणपतीची वस्त्रं करताना एक लांब जादा करते मी हिच्यासाठी. हळद-कुंकू न लावता. माझ्या सासूबाई हिच्या आईला द्यायच्या.”

कापूस पिंजून, लांब पट्टी काढून, ओल्या चिमटीने ठरावीक अंतरावर पीळ दिलेली माळ. मिरजेला बर्फ कुठला? मिससाहेबांनी झाडाबरोबर बर्फाची माळ दिली नव्हती, म्हणून पहिल्याच नाताळला शेजारघरच्या देवघरातून ती आली आणि पुढे दर वर्षी येत राहिली. आदल्या वर्षीची डब्याच्या तळाशी जपून ठेवायची, पुढच्या वर्षी नवी आली की जुनी काढायची. मी ज्याला ॲस्बेस्टॉस म्हणून दोन पिशव्यांत बांधलं ते हे. जरा धुऊन बघितलं असतं तर चिमटीचे पीळ दिसले असते.

मी सांगून टाकलं. सिस्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्या आणि अक्का दोघीही हसू लागल्या. मला त्यापेक्षा रागावलेल्या चालल्या असत्या. सर मात्र हसले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले, “आपण डबा उघडून पहिल्याच दिवशी कोणत्या देशाचं, कोणत्या सालचं हे विचारत बसलो. यात काय काय असायचं, हे बाईंना विचारलंच नाही.” सिस्टरांनी आपणहून सांगितलं नव्हतं, कारण माळ ही सांगायची गोष्टच नव्हती त्यांच्या लेखी. फराळाला मीठ घातलं असं कोण सांगतं?

तेव्हापासून सर काम घेताना आधी मालकाला रिकाम्या टेबलासमोर बसवतात आणि सणाच्या दिवशी तिथे काय काय असतं ते आठवणीने बोलायला लावतात. वस्तू त्यानंतर उघडतात. एका घरच्या मखरावर चिकटवलेलं औषधाच्या बाटलीचं लेबल त्यामुळे वाचलं. त्याचं कारण त्या घरचं आहे, इथे सांगत नाही.

त्या नाताळला झाड खिडकीत होतं. पांढरा गोळा खरंच पुढे लावला होता आणि अक्कांनी दोन दिवसांत नवी माळ करून दिली होती. पंचवीस तारखेला मी गेलो तेव्हा करंज्या मिळाल्या. माळेचं टोक डावीकडच्या फांदीवर दोनदा गुंडाळलेलं होतं. ती थोडी लांबच होते, अक्का म्हणाल्या, सासूबाईंच्या मापाने.

२०२० पासून डबा पावसाळ्यात सिस्टरांच्या घरी राहत नाही. जूनमध्ये रिक्षाने विश्रामबागेत सरांकडे येतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातो. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो सरांच्या माळ्यावर आकाशकंदिलांच्या शेजारी होता. येता-जाता सर वहीत नोंद करतात आणि सिस्टरांची सही घेतात. यंदाची नोंद मी पाहिली: डबा १. झाड १, बुंधा जुना, वरच्या चार तारा जुन्या, बाकी नवीन. गोळे ११, पैकी पांढरा १, प्रयोगशाळेत बिघडलेला. फळं ५, निळा दोरा. चांदणी १. मासा नाही. माळ अक्कांकडे.